मागचं पान, पुढचं पान

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, आणि माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुमच्यासमोर पुस्तकाचं एक पान आहे. पानाच्या कडा स्वच्छ दिसताहेत, वरचा आकडा दिसतोय, अगदी खालची ओळही दिसतेय. पण नेमकं मधे, जिथे तुम्ही बघताय तिथे, कुणीतरी ओला अंगठा फिरवून शाई फिसकटवली आहे. तुम्ही म्हणाल, मग जरा बाजूला बघू. बघा. अंगठा तिथेही आला. खाली बघा, खालीही आला. जिथे तुमची नजर तिथे तो, आणि जिकडे तुम्ही बघत नाही तिकडचं सगळं लख्ख. आता पुस्तक ठेवून द्या आणि रस्त्यावर या. बसस्टॉपवर उभे राहा. बस येते. तिचं छप्पर दिसतं, चाकं दिसतात, खिडकीतून बाहेर आलेला कुणाचा तरी कोपर दिसतो; नंबर मात्र नाही. ड्रायव्हरला खांदे आहेत, तोंड नाही. असं झालं तर तुम्ही काय कराल? शेजारच्याला विचाराल. या गोष्टीतल्या म्हाताऱ्या मास्तरांनीही तेच केलं, पण त्याआधी बऱ्याच बसगाड्या जाऊ दिल्या. कारण मोठ्या माणसांना, त्यातून मास्तरांना, विचारण्याची सवय नसते. दुसऱ्यांनी आपल्याला विचारण्याची असते.

शेजारी एक मुलगी उभी होती. हातात रॉकेलच्या रिकाम्या डब्यासारखं काहीतरी, केस घट्ट ओढून बांधलेले. हे सगळं त्यांना डोळ्याच्या कडेने दिसलं. "कुठली आली गं बस?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "तुम्हाला वाचता येत नाही?" ती म्हणाली. "येतं की." "मग वाचा." "चष्मा विसरलो." "डोळ्यांवरच आहे तुमच्या," मुलगी म्हणाली, आणि हसली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. मग तिने नंबर सांगितला आणि वर म्हणाली, "तुम्ही आमच्या हॉलमध्ये शिकवता ना? मागचं-पुढचं सर?" आमच्या हॉलमध्ये. ते बसमध्ये चढले, दांडी चाचपडून धरली, आणि घरी पोचेपर्यंत तो 'आमच्या' शब्द त्यांच्या कानात खड्यासारखा वाजत राहिला.

हॉल चर्चचा होता. चर्चच्या मागच्या अंगाला, लांबट, उंच छपराचा, एका टोकाला वाचनाचं उभं टेबल. आठवडाभर तिथे चर्चच्याच शाळेचे वर्ग भरत आणि रविवारी मास्तर लहान मुलांना पवित्र शास्त्र शिकवत. शाळेतून निवृत्त झाल्यावरही रविवार त्यांनी सोडला नव्हता. पलीकडच्या गल्लीतली एक जुनी इमारत मधोमध चिरली, पालिकेने तिला सील ठोकलं, आणि त्या दुपारी पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, स्वतः हॉलचं कुलूप काढून तिथली बिऱ्हाडं आत घेतली. स्वतः सतरंज्या घातल्या, स्वतः पाण्याचं पिंप भरलं. हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात पाळकसाहेबांना वाईट ठरवून मोकळं होण्याचा मोह तुम्हाला होईल. मास्तरांनाही झाला होता. बिऱ्हाडं चर्चची नव्हती, त्यांचा देवही निराळा होता. ती मुलगी आणि तिची आई वाचनाच्या टेबलामागच्या कोपऱ्यात राहत. आई धोबीखान्यात इस्त्री करायला जाई. रविवारी वर्ग भरला की बिऱ्हाडं गाद्या गुंडाळून भिंतीला लावत आणि मुलगी तिथेच गादीवर बसून राही. वर्गात नाही, वर्गाबाहेरही नाही.

मागचं-पुढचं सर हे नाव मुलांनीच ठेवलेलं. कुणी एखादं वचन तोंडपाठ करून आलं आणि छाती काढून म्हणून दाखवलं की मास्तर म्हणत, "छान. आता मागचं पान सांग. आणि पुढचं." पोरं वैतागत. मास्तर म्हणत, अरे, मधलीच एक ओळ कुणाच्या तोंडावर फेकायची ती दगडासारखी. तिचा कुणाशी काय संबंध, कोण कुणाला बोलतंय, रागाने की रडून, ते मागच्या-पुढच्या पानावर असतं. वर्गात आणखी दोन नियम होते. मोठ्याने वाचताना ओळ सुटली तर कुणी हसायचं नाही. ज्याची सुटली त्याने गुपचूप मागे जायचं आणि सुटलं तिथून पुन्हा वाचायचं. आणि कुणी वाचत असताना मधे कोणी बोललं, अगदी पाळकसाहेब दारात येऊन उभे राहिले, तरी मास्तर नुसता पंजा वर करत, त्यांच्याकडे न बघता. म्हणजे थांबा, ओळ पुरी होऊ द्या.

डॉक्टर म्हणाला होता, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वाळत चाललाय, कडा राहतील. औषध? डॉक्टरने टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. कडा राहतील, तो पुन्हा म्हणाला, चालता-फिरता येईल. मास्तरांनी हे आपल्या लेकीला सांगितलं नाही, जावयालाही नाही. त्याच संध्याकाळी जेवताना जावई म्हणाला, "बाबा, नोटीस आली." जावई चर्चच्या शाळेचा मुख्याध्यापक, सरळ, पापभीरू, डोक्याला सदा ताप. पालिकेने लिहिलं होतं, हॉल शाळेसाठी मंजूर आहे, राहण्यासाठी नाही. तिथे स्टोव्ह पेटतात. आग लागली तर जबाबदार कोण. बिऱ्हाडं हलवा, नाहीतर शाळेची परवानगी रद्द. बिऱ्हाडांना गावाबाहेर पत्र्याच्या शेड दिल्या होत्या. "तिथे नळ आहे का?" मास्तरांच्या मुलीने विचारलं. "येणार आहे म्हणे." "म्हणजे नाही," ती म्हणाली आणि भाजीचं पातेलं उगाच पुढे सरकवलं. येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, सभा होती. हात वर करून ठरणार होतं: पालिकेचं लगेच मानायचं, की मुदत मागून, नळ येईपर्यंत तरी, बिऱ्हाडं ठेवायची. आणि त्या मंडळीची एक जुनी रीत होती. कुठलाही निर्णय घेण्याआधी सगळ्यात वयस्क वाचकाने शास्त्रातला उतारा वाचायचा. त्यावर चर्चा नाही, भाषण नाही. वाचायचं, क्षणभर गप्प बसायचं, मग हात. वाचक मास्तर होते. उतारा पाळकसाहेब सांगत. त्यांनी सांगितला होता: रोमच्या मंडळीला प्रेषिताने लिहिलेल्या पत्रातला तेरावा अध्याय, पहिली सात वचनं. सत्ता देवाने नेमलेली आहे, तिच्या अधीन राहा.

"ते पत्र आहे," मास्तर म्हणाले. "पत्र कुणी मधूनच उघडून वाचतं का? अध्यायांचे आकडे तर किती शतकांनी कुणी घातले. त्याच्या आधीचं वाचल्याशिवाय..." जावयाने हात पुसले. "बाबा, राग मानू नका. पण मागचं-पुढचं तुम्हाला बरोबर तेव्हाच आठवतं, जेव्हा मधलं आवडत नाही. मागच्या वर्षी उपासनेत तुमच्या मनाने परक्या माणसाला घरात घ्या असं वाचलंत, तेव्हा एकच ओळ वाचलीत. तेव्हा कुठे होतं मागचं पान?" मास्तर नीट चावत राहिले, पण रात्री अंथरुणावर त्यांनी मागच्या वर्षीचा तो दिवस पुन्हा पुन्हा उलटून पाहिला आणि जावई खरं बोलला होता. माणूस शास्त्र उघडतो तेव्हा त्याचा अंगठा आधीच एका पानावर असतो. तो अंगठा काढायचा म्हणजे काय करायचं? सगळं वाचायचं? सगळं वाचून कुणाचं पोट भरलंय? पाळकसाहेबांना शाळेतल्या पोरांची काळजी, ती काय खोटी होती? आणि ती सात वचनं काय पुस्तकाबाहेरची होती? ती होतीच. आवडत नाहीत म्हणून फाडून टाकता येत नव्हती. त्यांना एवढंच वाटत होतं की ती एकटी उभी करू नयेत. मागे-पुढे जी माणसं त्यांच्या हाताला धरून उभी आहेत, त्यांच्यासकट ती यावीत.

त्यांचे वडील छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे, एकेका अक्षराचा एकेक, उलटे जुळवून ओळी करायचे, ओळींचं पान करायचे, पान लोखंडी चौकटीत आवळायचे. लहानपणी एकदा मास्तरांनी, अजून मास्तर न झालेल्या त्या मुलाने, चौकट सैल असताना मधलीच एक ओळ गंमत म्हणून उचलली. ओळ हातात येईपर्यंत ओळ होती; मग ती नुसते खिळे झाली, फरशीवर विखुरली, आणि वरच्या-खालच्या ओळी तिरक्या झाल्या. वडील रागावले नाहीत. बापलेक दोघं संध्याकाळभर गुडघ्यांवर बसून खिळे वेचत होते. पुढे छापखान्यात संप झाला. त्या रविवारी तेव्हाच्या पाळकांनी हाच तेरावा अध्याय वाचला, सातव्या वचनाला थांबले, आणि मंडळी गायला उभी राहिली. वडील बसूनच राहिले. त्यांच्या नखांत शाई होती, ती कधीच जायची नाही, आणि ती नखं ते पुढच्या बाकाच्या पाठीवर हळूहळू घासत होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "पुढची ओळ फार लांब नव्हती." आठव्या वचनात काय आहे हे मुलाने घरी येऊन पाहिलं. एकमेकांवर प्रेम करण्याचं देणं, ते कधीच फिटत नाही, बाकी सगळं फेडून टाका. प्रेम शेजाऱ्याचं वाईट करत नाही. एवढंसंच होतं. वडिलांची नोकरी ते वाचल्यानेही राहिली नसती. पण ते वाचायला हवं होतं, असं त्या मुलाला वाटलं. आणि एवढ्याशा वाटण्यावर त्याने पुढे सगळा जन्म काढला.

आता डोळे असे. दिसत नाही म्हणून सांगावं तर पाळकसाहेब मायेने म्हणतील, राहू द्या सर, मी वाचतो. आणि सातव्या वचनाला थांबतील. म्हणून मास्तरांनी ठरवलं: सांगायचं नाही. बाराव्या अध्यायाच्या मध्यापासून सुरू करायचं, तेराव्यातली ती सातही वचनं वाचायची, एकही न गाळता, आणि आणखी तीन. कुणाला बोट दाखवायला जागा नको. सगळं त्यांना पाठ होतं. पण पाठ असलेलं माणूस वाचत नाही, ते आपोआप वाहतं, आणि वाहताना कुठे वळेल याचा भरवसा नाही. म्हणून ते रोज दिवेलागणीला हॉलमध्ये जाऊ लागले. इस्त्रीवाली आई कामावरून यायच्या आत ती मुलगी कोपऱ्यात एकटी असे. "तुला वाचता येतं?" "हळू." "हळूच हवंय." ते म्हणत, ती पानावर बोट ठेवून तपासे. ती त्यांना सरआजोबा म्हणू लागली. सर म्हणावं तर ती वर्गातली नव्हती, नुसतं आजोबा म्हणावं तर ते तिचे नव्हते, तेव्हा तिने दोन्ही जोडलं.

"थांबा. चुकलात," ती म्हणे. तिचा आवाज पोलिसासारखा. "इथे 'चांगल्याला चिकटून राहा' असं आहे. त्याच्यानंतर एकमेकांवर माया करा, असं आहे. तुम्ही एकदम खाली गेलात, 'चांगल्याने वाइटाला जिंका' वर."

"दोन्हीकडे वाईट आहे आणि चांगलं आहे. जीभ घसरते तिथे. मधलं सगळं राहतं."

"मधे बरंच आहे." तिने बोटाने मोजल्यासारखं केलं. "आनंदात असतील त्यांच्याबरोबर आनंद करा. रडतात त्यांच्याबरोबर रडा. परक्याला घरात घ्या. वैऱ्याला भूक लागली तर जेवू घाला. सरआजोबा, वैऱ्याला कशाला?"

"लिहिणाऱ्याला विचारायला हवं."

"तो कुठे असतो?"

"पूर्वीच गेला. बरेचदा तुरुंगात होता. सत्तेनेच टाकला होता."

मुलीने पान उलटलं, पुन्हा सुलटलं. "मग तोच कसा लिहितो, सत्तेचं ऐका?"

या प्रश्नावर जाडजाड ग्रंथ लिहिले गेलेत हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांतले काही त्यांच्या घरी कपाटात होते. ती मंडळी लहान होती, एका मोठ्या साम्राज्याच्या तोंडात बसलेली. दंगा करून मरू नका, असं त्याला म्हणायचं असेल. सूड देवावर सोडा, असं तो आत्ताच म्हणाला होता. त्याच धाग्यात सत्ता आली असेल. असेल. "मला नीट माहीत नाही," ते म्हणाले. मुलगी खूष झाली. मोठ्या माणसाला माहीत नाही हे तिला फार आवडलं असावं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "रविवारी हात वर करणार ते लोक, ते पण सत्ताच का?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिचा चेहरा गेला. मग कडेने पाहिलं, तेव्हा तो आला. एवढी वर्षं ते वाचत होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे सत्ता म्हणजे कुणीतरी दुसरं असे: घोड्यावरचं, खुर्चीवरचं, मोटारीतलं. आपल्या मंडळीतले, सायकली टेकवून आत येणारे, खोकणारे, भाच्याच्या लग्नाच्या गोष्टी करणारे हात त्यांना तिथे कधी दिसले नव्हते. "आहेत," ते म्हणाले. "रविवारी आहेत." "मग त्यांना सांगा ना, चांगल्याला घाबरवायचं नसतं म्हणून. इथे लिहिलंय." तिने बोट ठेवलं. खरंच लिहिलं होतं, त्या सातांमध्येच: चांगलं करणाऱ्याला सत्तेची भीती नको. मास्तर हसले. त्या संध्याकाळी, फक्त त्या एका संध्याकाळी, त्यांना वाटलं की जमेल.

रविवारी हॉल भरला. गाद्या भिंतीला, बिऱ्हाडं गाद्यांपाशी उभी, मंडळी खुर्च्यांवर. बिऱ्हाडांना बोलायची परवानगी नव्हती, ती मंडळीची नव्हती. मुलांना तर कधीच नव्हती. पाळकसाहेबांनी नोटीस वाचली. त्यांचा आवाज मधेच बसला. रात्रभर झोपलेले नसावेत. मग ते म्हणाले, "सर." मास्तर टेबलाशी गेले. पुस्तक उघडं होतं. पान पांढरं, मधे अंगठा. त्यांनी बोट ओळीवर ठेवलं, दिसत असल्यासारखं, आणि बाराव्या अध्यायातून सुरू केलं. प्रेम ढोंगी नसावं. पाळकसाहेबांची मान वळलेली त्यांना कडेने दिसली. पहिल्या रांगेत जावयाने पायावरचा पाय काढला. हॉल शांत होता; कुठेतरी पिंपातून थेंब गळत होता; इस्त्रीच्या कपड्यांचा किंचित करपट, ओलसर वास कोपऱ्यातून येत होता, आणि मास्तरांना एकदम छापखान्याची आठवण झाली, ओल्या कागदाची, वडिलांच्या पाठीची. वाइटाचा वीट माना, ते म्हणत होते. चांगल्याला चिकटून राहा. थेंब गळला. वाइटाकडून हरू नका, चांगल्याने वाइटाला जिंका. आणि प्रत्येक माणसाने सत्तेच्या अधीन राहावं, कारण सत्ता देवापासून आहे. आवाज चांगला लागला होता. शब्द एकामागून एक येत होते, न अडखळता, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले. आणि सत्ता उगाच तलवार बाळगत नाही, या वचनापर्यंत आल्यावर मास्तरांना कळलं, जिन्याची पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसं.

मधलं राहिलं होतं. सगळंच. रडणारे राहिले होते, परके राहिले होते, भुकेला वैरी राहिला होता. तोंड मात्र चालूच होतं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याचा कर त्याला कर, ज्याचा मान त्याला मान. सातवं वचन संपलं. मास्तर थांबले, मागे जायचं म्हणून. त्यांनी खाली पाहिलं. बोट कुठे होतं? पानावर होतं, पान कुठलं होतं ते दिसत नव्हतं. आठवून बघू म्हणून त्यांनी आठवलं, तर 'चांगल्याला चिकटून राहा' आलं आणि त्याच्या पाठोपाठ, इमानी कुत्र्यासारखं, पुन्हा तेच 'चांगल्याने वाइटाला जिंका'. दुसरी वाटच नव्हती. हॉलमध्ये गप्प बसायचा क्षण सुरू झाला होता. सगळ्यांना वाटलं, सातव्या वचनाला थांबायचं ठरलंच होतं, सर थांबले. "थांबा," मास्तर म्हणाले. "मधलं राहिलं." आवाज टेबलापुढे गेला नाही. पाळकसाहेब उठून जवळ आले, त्यांच्या दंडाला हात लावून हळूच म्हणाले, "सर, ऐकलं सगळ्यांनी. छान वाचलंत. बसा आता." आणि खुर्ची ओढून दिली.

मग हात वर झाले. मास्तर बघत होते. ज्याच्याकडे ते बघत त्याला हात नसे. ज्याच्याकडे बघत नसत त्याचा हात कडेला वर गेलेला दिसे. त्यांनी नजर फिरवली, पुन्हा फिरवली. हात सरकत राहिले, नेहमी दुसऱ्याचेच. त्यांचा स्वतःचा हात मांडीवर होता. ठरलं, संध्याकाळच्या आत हॉल रिकामा करायचा. कुणी आनंदाने बोललं नाही. कुणी म्हणालं, आपणही टेम्पोला हातभार लावू. कुणी म्हणालं, ब्लँकेटं देऊ. खरंच दिली त्यांनी, चांगली, जाड ब्लँकेटं. नीट वाचलं असतं तर हात वेगळे झाले असते का? मास्तरांना तसं म्हणायचं धाडस होईना. कदाचित एकही हात हलला नसता. लोक ठरवून आले होते. पण निदान ठरवताना त्यांच्या कानांवरून ते गेलं असतं, आणि काही कानांत ते राहतं, पुढे कधीतरी उगवतं. आता कानांत काय राहिलं होतं? त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच तोंडून, अधीन राहा.

जावई आला. त्याने सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "बाबा, तुम्ही समजून घेतलंत. मला वाटलं होतं तुम्ही पाहुणचारावर जाल आणि मला तिथे बसणं जड जाईल. मनापासून सांगतो, उपकार झाले." "अहो, ते सुटलं माझ्याकडून," मास्तर म्हणाले. "असू द्या," जावई म्हणाला, "बरं झालं सुटलं." त्याच्या आवाजात नुसती माया होती. हातातला हात सोडून तो खुर्च्या एकात एक रचायला गेला. सोमवारी वर्ग भरायचे होते.

बाहेर टेम्पो लागला. पिंप उलटं करून पाणी ओतलं. इस्त्रीवाली आई गादीला दोरी आवळत होती, गाठ सुटत होती, ती पुन्हा आवळत होती. कुणी रडत नव्हतं, तेवढा वेळ कुणाला नव्हता. मास्तर टेबलाशेजारच्या खुर्चीत तसेच बसले होते, घरी कसं जायचं हे न ठरवता. तेव्हा कडेने घट्ट ओढलेले केस दिसले.

"सरआजोबा, तुम्ही परत तेच केलंत."

"हो गं."

"मी खाली बसून म्हणत होते, मधलं, मधलं. मनातल्या मनात. तुम्हाला ऐकू आलं नाही."

"नाही."

तिने त्यांचं बोट धरून पानावर ठेवलं. "इथून सुटलं. वाचा."

"मला दिसत नाही बाळ," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. "आणि आता वाचून काय? सभा संपली. लोक गेले."

"सगळे नाही गेले," मुलगी म्हणाली. तिने हॉलभर नजर टाकली असावी. खुर्च्या रचणारा जावई होता, नोटिशीचा कागद घडी करून उभे असलेले पाळकसाहेब होते, दोऱ्या आवळणारी बिऱ्हाडं होती. "आणि तुमचाच नियम आहे."

टेबल तिच्या हनुवटीपर्यंत येत होतं. तिने रचलेल्यांतली एक खुर्ची ओढली. जावई काही म्हणणार होता, म्हणाला नाही. ती खुर्चीवर चढली, पुस्तकावर वाकली, आणि मोठ्याने वाचू लागली, एकेक अक्षर उचलून पुढच्यापाशी ठेवत, जसे कुणी खिळे जुळवावेत. एक-मे-कां-वर. एकमेकांवर. माया. करा. खुर्च्यांचा आवाज थांबला की काय हे मास्तरांना कळलं नाही. त्यांचं लक्ष तिच्या बोटाच्या सावलीकडे होतं, ती कडेला हलत होती. फार हळू चाललं होतं. परक्यांपर्यंत यायला अजून बऱ्याच ओळी होत्या. दारातून आईने हाक मारली, "अगं चल, टेम्पोवाला खोळंबलाय." मुलीने मान वर केली नाही. तिने आईकडे न बघता पंजा वर केला, आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.